गड, सोने आणि वाटणी : युद्धपटांतील एका कथाबंधाचा विचार

१

ज्या कथेचा शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे, ती पडद्यावर पुनःपुन्हा पाहावी असे त्याला का वाटते, हा प्रश्न मराठी चित्रपटाच्या अभ्यासकाने निदान एका कथेच्या बाबतीत तरी स्वतःला विचारणे अगत्याचे आहे. ती कथा सिंहगडाची. हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी १९०३ सालची. तिच्या आधारे बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्यांच्याच चित्रशाळेत वाढलेल्या शांतारामबापूंनी त्या मूकपटात शेलारमामाची भूमिका केली होती, आणि पुढे १९३३ साली ‘प्रभात’साठी त्यांनी तीच कथा बोलपटाच्या रूपाने दिग्दर्शित केली. २०२० साली ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटाने ती पुन्हा एकदा देशभर पोहोचविली. प्रेक्षकांच्या चार पिढ्या बदलल्या, चित्रपटाचे तंत्र बदलले, परंतु कडा, दोर आणि रात्र या तीन गोष्टींविषयीचे कुतूहल ओसरलेले दिसत नाही.

ह्या लोकप्रियतेचे नेहमी दिले जाणारे उत्तर म्हणजे स्वराज्याविषयीचा अभिमान. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. अभिमानाचे विषय तर अनेक आहेत. शिवकालातील राज्यकारभार, आज्ञापत्रे, राज्यव्यवहारकोश हेही अभिमानाचेच विषय होत. पण त्यांवर कोणी चित्रपट काढल्याचे ऐकिवात नाही. म्हणजे आकर्षणाचा काही भाग आशयात असला, तरी काही भाग कथेच्या बांधणीत आहे, असे मानावे लागते. प्रस्तुत लेखात ह्या बांधणीचा विचार करावयाचा आहे. तुलनेसाठी १९७० सालचा ‘केलीज हीरोज’ हा अमेरिकन युद्धपट घेतला आहे. शत्रूच्या प्रदेशात घुसून बँकेतील सोने पळविणाऱ्या सैनिकांची ती कथा आज अर्धशतक उलटून गेल्यावरही आवडीने पाहिली जाते. तानाजी आणि केली यांची नावे एका वाक्यात घेणे काहींना रुचणार नाही. परंतु येथे व्यक्तींची तुलना नाही, कथाबंधांची आहे. आणि दोहोंतील भेद साम्याइतकाच बोलका आहे, हे पुढे दिसून येईल.

२

ह्या कथाबंधाची सहा अंगे सांगता येतील : अशक्यप्राय वाटणारे लक्ष्य, मोजक्या माणसांची निवड, आतली खबर, रात्र आणि युक्ती, ऐनवेळी आलेले विघ्न, आणि अखेरचा हिशेब. दरोड्याच्या चित्रपटांत ही सहाही अंगे ठळक असतात. जॉन ह्यूस्टन यांचा ‘द अस्फाल्ट जंगल’ (१९५०) व ज्यूल्स दासँ यांचा ‘रिफिफी’ (१९५५) यांनी हा साचा पक्का केला. युद्धपटाने तो पुढे उचलला. ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ (१९६१) मध्ये मूठभर माणसे वादळी रात्री समुद्रकाठचा उभा कडा चढून जातात, हे पाहताना मराठी प्रेक्षकाला सिंहगड आठवला नाही तरच नवल.

कारण हा साचा आपल्याकडे चित्रपटाच्या फार पूर्वीपासून आहे. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातील सिंहगड पाहावा. तेथे जिजाबाई शिवाजीमहाराजांशी फासे खेळतात आणि डाव जिंकून कोंढाणा मागतात. लक्ष्य प्रथमच एका पणाच्या स्वरूपात पुढे येते. मग रायबाचे लग्न बाजूला सारून तानाजीची निवड होते; तो वेष पालटून पायथ्याच्या कोळ्यांकडून गडाची माहिती काढतो; यशवंती घोरपड कड्यावरून आधी मागे फिरते; आणि अखेर गडही मिळतो व माणूसही जातो. राजाराममहाराजांच्या काळी जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत घोरपडीचा पत्ता नाही. तेथे कडा चढतात ती माणसेच. घोरपड ही कथाबंधाची मागणी आहे. चढाई यशस्वी झाली एवढे सांगून बखरकाराचे काम भागते, शाहिराचे भागत नाही. ती फसता फसता कशी साधली, हे त्याला श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर उभे करावे लागते. इतिहासकार घोरपड नाकारतो ते योग्यच आहे. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र ती कोणत्या गरजेतून आली, हे विचारले पाहिजे.

पन्हाळ्याची हकीकत तर या दृष्टीने अधिकच रेखीव आहे. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद याने अवघी ६० माणसे घेऊन तो प्रचंड गड घेतला. रात्रीच्या अंधारात वर पोहोचून चारी बाजूंनी कर्णे फुंकावयाचे, म्हणजे साठांची संख्या शत्रूच्या कानांत हजारांची होते, ही त्यातील युक्ती. ह्या विजयावर जयराम पिंडे याने ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले. म्हणजे ह्या घटनेतील कथाबीज समकालीन कवीलाही जाणवले होते. ते पडद्यावर यावयास मात्र दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फर्जंद’ची, म्हणजे २०१८ सालाची वाट पाहावी लागली.

येथे तंत्राविषयीची एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. पेंटरांचा ‘सिंहगड’ हा रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करणाऱ्या आरंभीच्या भारतीय चित्रपटांपैकी एक होय. त्या काळी चित्रण सूर्यप्रकाशात चाले. पण दिवसा केलेली सिंहगडाची चढाई ही सिंहगडाची चढाईच नव्हे. कथेला रात्र हवी होती, म्हणून तंत्राला दिवा शोधावा लागला. कथाबंधाची शक्ती किती असते, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या चित्रपटाच्या इतिहासात क्वचितच मिळेल.

३

आता ‘केलीज हीरोज’कडे वळू. ट्रॉय केनेडी मार्टिन यांची पटकथा, ब्रायन हटन यांचे दिग्दर्शन. कथा १९४४ च्या फ्रान्समधील. चित्रण मात्र त्या वेळच्या युगोस्लाव्हियात झालेले. केली हा पूर्वीचा अधिकारी. वरिष्ठांच्या हुकुमावरून चुकीच्या टेकडीवर हल्ला झाला, त्याचे खापर त्याच्या माथी फुटले आणि तो साधा शिपाई झाला. पकडलेल्या जर्मन अधिकाऱ्याला दारू पाजून तो बातमी काढतो की, आघाडीपलीकडच्या क्लेर्माँ नावाच्या गावी बँकेत सोन्याच्या १४,००० विटा आहेत, किंमत १ कोटी ६० लाख डॉलर. मग माणसे जमतात : करडा पण मायाळू सार्जंट, कोठारावरचा लोभी हवालदार, आणि रणगाड्यांचा तो विक्षिप्त नायक ऑडबॉल, जो कर्ण्यातून संगीत वाजवीत हल्ला करतो.

हा चित्रपट केवळ विनोदी असता तर इतका टिकला नसता. त्याच्या मध्यभागी सुरुंगांनी पेरलेले एक शेत आहे. तेथे साथीदार मरतात, आणि त्यांना मागे सोडून उरलेल्यांना पुढे जावे लागते. त्या प्रसंगात संगीत नाही, विनोद नाही. सोन्यासाठी निघालेल्या माणसांनाही युद्ध सोडीत नाही, हे तेथे एका शब्दाशिवाय सांगितले गेले आहे. १९७० साली व्हिएटनामचे युद्ध चालू होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या शांततेचा अर्थ अधिक गडद होतो.

ह्या सैनिकांना सोने हवे आहे, हे तर उघडच. पण सोन्याच्या निमित्ताने त्यांना आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे स्वतः निवडलेले उद्दिष्ट. आतापर्यंत टेकडी कोणती, हल्ला केव्हा आणि मरावयाचे कोणी, हे सारे दुसरे ठरवीत आले. आता प्रथमच धोका त्यांचा आहे आणि वाटाही त्यांचाच आहे. प्रत्येकाच्या वाट्याला किती, हा हिशेब बोटांवर करता येतो. महायुद्धाचा हिशेब कोणाच्याच बोटांवर मावत नाही. युद्धाने हिरावलेले कर्तेपण दरोडा परत देतो. ह्या कथाबंधाच्या चिरस्थायी आकर्षणाचे मूळ मला येथे दिसते.

म्हणूनच ह्या चित्रपटाचा कळस लढाईत नाही. बँकेसमोर एक जर्मन टायगर रणगाडा उभा आहे. तो हटत नाही आणि अमेरिकन रणगाडे निकामी झालेले आहेत. तेव्हा तिघे जण चालत त्या रणगाड्याकडे जातात आणि आतल्या अधिकाऱ्याला वाटा देऊ करतात. तोफेचे तोंड बँकेच्या दाराकडे वळते. वाटणी ठरताच शत्रुत्व संपते. दुसरीकडे, बिनतारी यंत्रावर ह्या टोळीचे संभाषण ऐकून त्यांचा सेनापती समजतो की, आपली माणसे पराक्रमाने आघाडी फोडीत आहेत, आणि पदके घेऊन धावत सुटतो. घटना एकच. केलीच्या शब्दांत ती दरोडा आहे, सेनापतीच्या शब्दांत मोहीम. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा चित्रपट पाहावा तो ह्या एका गोष्टीसाठी : कृती तीच राहते, कोश बदलतो, आणि कोश बदलताच नीतीही बदलते.

४

ह्या पार्श्वभूमीवर सिंहगडाच्या कथेतील भेद स्पष्ट होतो. पहिली पाच अंगे जुळतात. सहावे, म्हणजे हिशेबाचे, वेगळे आहे. दरोड्याच्या चित्रपटात हिशेब बहुधा वाटणीचा असतो, आणि पुष्कळदा ऐश्वर्य हातातून निसटते. ‘रिफिफी’चा शेवट त्याचे उदाहरण. सिंहगडात ऐश्वर्य हाती राहते, ते मिळविणारा जातो. आपट्यांच्या कादंबरीचे नाव म्हणजे जमा आणि खर्च यांची एकाखाली एक मांडलेली दोन कलमे होत. ते म्हणीसारखे मराठीत रूढ झाले, याचे कारण त्यातील ‘पण’ हे अव्यय होय. त्या ‘पण’मध्ये विजय आणि शोक यांचा मेळ बसत नाही, तो बसवावयाचा प्रयत्नही नाही. जमाखर्च मांडला आहे, शिल्लक काढलेली नाही. प्रेक्षक पुनःपुन्हा परत येतो तो ही न निघालेली शिल्लक काढण्यासाठी, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

वाटणीच्या दृष्टीने पाहता येथे आणखी एक गोष्ट घडते. तानाजीला गडात वाटा नाही. त्याच्या स्वतःच्या मालकीचे जे होते, म्हणजे मुलाचे लग्न, ते त्याने आधीच बाजूला ठेवले आहे. केलीचे सैनिक खाजगी हेतूसाठी सार्वजनिक युद्ध बाजूला सारतात. तानाजी सार्वजनिक हेतूसाठी खाजगी मंगलकार्य बाजूला सारतो. एकाच कथाबंधाची ही उलटसुलट दोन रूपे. पण दोहोंतही एक समान अट पाळलेली आहे : ती निवड त्या माणसाची स्वतःची आहे. तानाजी हुकुमाचा ताबेदार म्हणून नव्हे, तर आपण होऊन विडा उचलतो. विडा उचलण्याचा हा प्रसंग पोवाड्याने, कादंबरीने आणि चित्रपटाने कधी गाळला नाही, कारण तो गाळला तर कथा केवळ आज्ञापालनाची होईल.

अलीकडच्या शिवकालीन युद्धपटांविषयी माझी तक्रार आहे ती येथे. ‘फर्जंद’मध्ये साठ माणसांची निवड आणि तयारी यांना पुरेसा अवकाश मिळतो, आणि तो चित्रपट त्या भागांत खरोखर रंगतो. ‘तान्हाजी’त मात्र ‘नागीण’ नावाची अजस्र तोफ येते, खलनायकाचे क्रौर्य वाढत जाते, आणि मोजक्या माणसांची कथा अफाट देखाव्यांखाली दबून जाते. ह्या कथाबंधाचे सारे सौंदर्य प्रमाणात आहे : उंच कडा, लहान माणूस. माणूसच कड्याएवढा केला, तर चढण्याचे काय राहिले? शायिस्ताखानावरील एप्रिल १६६३ च्या छाप्यावर आधारलेल्या ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) ह्या चित्रपटाची जाहिरात करताना ‘सर्जिकल स्ट्राइक’ हा आजचा शब्द वापरला गेला. त्या शब्दाने प्रेक्षक चित्रपटगृहाकडे वळले असतील. पण त्याबरोबर विसाव्या-एकविसाव्या शतकातील राष्ट्रांचा, विमानांचा आणि वृत्तपत्रांचा सगळा संदर्भ लाल महालाच्या अंधारात शिरला. जुन्या कृतीला नवा कोश दिला की ती कृतीही नवी होते. सेनापतीने बिनतारी यंत्रावर हेच केले होते.

५

मग ह्या कृतीला आपला स्वतःचा शब्द कोणता? मराठीत दरोडा, चोरी, घरफोडी, घाला, छापा, लूट असे अनेक शब्द आहेत, आणि त्यांपैकी एकही तटस्थ नाही. ‘दरोडा’ हा कचेरीतील कागदांवर गुन्हा आहे. ‘छापा’ हा महाराजांनी लाल महालावर घातला, आणि आज तो पोलीस व प्राप्तिकर खाते घालते; म्हणजे त्या शब्दात न्याय्य अधिकाराची छटा आहे. ‘गनिमी कावा’ हा शब्द आपण अभिमानाने उच्चारतो. पण ‘गनीम’ हा शब्द फारसीत शत्रूप्रमाणेच लुटारू या अर्थीही आहे, आणि युद्धात मिळालेली लूट असा अर्थ असलेल्या ‘गनीमत’शी त्याचे मूळ एकच आहे. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत. शत्रूने दिलेले दूषण मराठीने उचलले आणि ते बिरुद म्हणून मिरविले.

सर्वांत मनोरंजक आहे तो ‘लुटणे’ हा धातू. संस्कृत ‘लुण्ट्’पासून आलेला हा शब्द ‘लूट’ रूपाने हिंदुस्थानातून इंग्रजीतही गेला, आणि केलीचे सैनिक ज्यासाठी निघाले त्याला त्यांच्या भाषेत आपलाच शब्द आहे. पण मराठीत ‘लुटणे’ म्हणजे केवळ हिसकावून घेणे नव्हे. संक्रांतीला बायका वाण लुटतात, म्हणजे देतात. आनंद लुटतात, म्हणजे भोगतात. दसऱ्याला सीमोल्लंघन करून आपण आपट्याचे सोने लुटतो, म्हणजे आणून वाटतो. गावाची वेस ओलांडावयाची, सोने घेऊन परतावयाचे आणि थोरामोठ्यांच्या हाती ते देऊन पाया पडावयाचे, हा विधी म्हणजे मोहिमेवर निघणाऱ्या समाजाने आपल्या लुटीला घातलेली नैतिक अट आहे : जे आणले ते वाटले पाहिजे. घेणे, देणे आणि भोगणे या तिन्ही क्रियांना एकच धातू वापरणाऱ्या भाषेला टायगर रणगाड्यासमोरचा तो वाटणीचा प्रसंग परका वाटू नये.

६

एवढे झाल्यावर एक अडचणीचा प्रश्न उरतो, आणि तो दूर कोठला नाही, ह्याच जिल्ह्यातला आहे. ‘केलीज हीरोज’ वर्गात दाखविल्यानंतरच्या चर्चेत कारंज्याच्या एका विद्यार्थ्याने तो विचारला : “सर, आमच्या गावावर चित्रपट का नाही?”

त्याचा रोख ज्यांना कळला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १६७० साली, ज्या वर्षाच्या फेब्रुवारीत सिंहगड घेतला गेला त्याच वर्षाच्या अखेरीस, मराठी फौज मोगलांच्या वऱ्हाडात शिरली आणि तिने कारंजे हे संपन्न व्यापारी शहर लुटले. जदुनाथ सरकार यांनी १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शिवचरित्रात दिलेल्या माहितीप्रमाणे, तलम कापड, रुपे व सोने मिळून सुमारे १ कोट रुपयांची लूट ४,००० बैल व गाढवे यांवर लादून नेण्यात आली. गावातील धनिकांना खंडणीसाठी बरोबर नेले. त्यांतला सर्वांत मातबर असामी मात्र स्त्रीवेष घेऊन निसटला. मराठी फौज स्त्रियांना हात लावीत नाही हा विश्वास मोगली मुलखातील सावकाराला होता, असा ह्या प्रसंगाचा अर्थ घेतल्यास तो त्या फौजेच्या शिस्तीला मिळालेला एक चमत्कारिक प्रशस्तिलेखच ठरतो.

कथाबंधाच्या दृष्टीने येथे काय कमी आहे? दूरचे लक्ष्य आहे, अचानक घाला आहे, मोजता येण्याजोगे धन आहे, विनोदही आहे. तरीही ह्या घटनेवर सिंहगडासारखी लोकप्रिय कादंबरी झाली नाही, चित्रपट झाला नाही. आज कारंजे ओळखले जाते ते नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून, आणि आमच्या विषयात, तेथील जैन भांडारांतील अपभ्रंश पोथ्यांसाठी, ज्यांतील काही हिरालाल जैन यांनी संपादून प्रकाशात आणल्या.

ह्याचे कारण, माझ्या मते, असे. सिंहगडात गड हा सोन्याच्या जागी आहे. कारंज्यात सोने हे सोनेच आहे, आणि ते कोणाच्या तरी घरातले आहे. राज्य चालविण्यास आणि मोगलांशी झुंजण्यास द्रव्य लागते, ते शत्रूच्या मुलखातून घ्यावे, हा त्या काळचा राजकारणाचा सर्वमान्य व्यवहार होता, आणि इतिहासकार तो निःसंकोचपणे सांगतात. चित्रपट मात्र सांगू शकत नाही. कारण पडद्यावर घर दाखविले की घरातली माणसे दिसतात. ‘केलीज हीरोज’ने ही अडचण चतुराईने टाळली आहे. क्लेर्माँच्या बँकेतील सोने मुळात कोणाचे, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही, आणि गावकरी सैनिकांवर फुले उधळण्यात गुंतलेले असतात. २०२४ साली सुरतेच्या संदर्भात ‘लूट’ हा शब्द वापरावा की नाही, यावरून महाराष्ट्रात जाहीर वाद झाला, तो आपणांस आठवत असेल. शब्द बदलण्याची ती धडपड म्हणजे हीच अडचण भाषेच्या द्वारे टाळण्याचा प्रयत्न होता. शब्द वगळल्याने सतराव्या शतकातील हिशेब बदलत नाही. उलट, ज्या राजाच्या फौजेच्या शिस्तीची साक्ष लुटल्या गेलेल्या गावातील सावकाराचे पलायनच देते, त्याच्या कीर्तीला त्या शब्दापासून भय असण्याचे कारण नाही.

त्या विद्यार्थ्याला मी वर्गात जे उत्तर दिले ते अपुरे होते. येथे ते थोडे नीट देतो. त्याच्या गावावर चित्रपट झाला नाही, कारण त्या चित्रपटाला दोन हिशेब एकाच वेळी मांडावे लागतील : चार हजार जनावरांच्या तांड्याबरोबर निघालेल्या मावळ्याचा, आणि त्या रात्री रिकाम्या दुकानात बसलेल्या विणकराचा. दोघेही आपले. आतापर्यंतच्या युद्धपटांनी एकाच बाजूचा जमाखर्च मांडला, आणि त्यांतले उत्तम चित्रपट तेवढा प्रामाणिकपणे मांडतात म्हणूनच टिकले. आपट्यांच्या त्या ‘पण’ने विजयाच्या वाक्यात शोकाला जागा करून दिली. तसेच एक ‘पण’ लुटीच्या वाक्यातही घालता येईल काय, हे पाहण्याचे काम पुढच्या पटकथाकाराचे आहे. ते साधले, तर ह्या जुन्या कथाबंधाचे सहावे अंग आपल्या भाषेत प्रथमच पुरतेपणी उमटेल.